शेवटच्या उजेडाआधी दहा मिनिटं

लान्स नोस्केने सहासष्टाव्या वर्षी रात्रीचं विमान चालवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या एरो क्लबात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं होतं की तो मरेल. दुसऱ्या तटाचं म्हणणं होतं की मरेल, पण इतकी घाई कशाला.

क्लब म्हणजे आयर द्वीपकल्पावरच्या गव्हाच्या शेतांत उभी असलेली पत्र्याची शेड. बाहेर धावपट्टी, आत एक फ्रीज, एक नकाशा आणि एक सोफा. सोफ्यावर अल्विन येंश. अल्विनने उभी हयात पिकांवर औषध फवारायचं विमान चालवण्यात घालवली होती. लोंब्या चाकांना गुदगुल्या करतील इतक्या खालून तो उडायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एकच काम अंगावर घेतलं होतं: कोण कशाने मरणार, हे ज्याला-त्याला आधी सांगून ठेवणं. या कामाचा तो मोबदला घेत नसे. त्याचा एकही अंदाज अजून खरा ठरला नव्हता, आणि बहुधा म्हणूनच लोक त्याचं मनापासून ऐकून घेत.

"दिवसा इंजिन बंद पडलं," अल्विन म्हणाला, "तर आपण शेत निवडतो. रात्री शेत आपल्याला निवडतं."

"मला आखात ओलांडायचंय," लान्स म्हणाला. "तिथं शेतच नाही."

"मग दिवसासुद्धा जाऊ नकोस."

"दिवसा जातोच आहे की. दर शनिवारी."

"तेच म्हणतोय मी. नशीब ताणलंस तेवढं पुरे."

फ्रीजपाशी औषधाच्या दुकानाचा मालक हेमिश उभा होता. त्याच्याकडे बाहेर काहीही न बघता, केवळ यंत्रांच्या काट्यांवर उडायचा पुरा परवाना होता, आणि त्याच्या विमानात त्याच्या दुकानापेक्षा जास्त स्क्रीन चमकत असत. तो म्हणाला, "नुसता रात्रीचा परवाना म्हणजे अर्धी गोळी. घ्यायचं तर यंत्रांचं पुरं शिक्षण घे. मग ढग काय, रात्र काय, सगळं सारखंच."

"तू शेवटचा ढगात कधी शिरलास?" अल्विनने विचारलं.

"परवाना आहे म्हणून शिरलंच पाहिजे असं कुठाय?"

"बघ," अल्विन लान्सला म्हणाला. "यानेही औषध आणून फळीवर ठेवलंय. घेतलं नाही."

लान्सला हे का शिकायचंय, ते मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. ते क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

कारण आखाताच्या पलीकडे राहत होतं. तिचं नाव नेरिडा पॅस्को. ती रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि बाकीचे दिवस कोंबड्या पाळायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर आसपासच्या विमानवाल्यांचा न्याहारीचा मेळावा भरला होता. चर्चच्या छपरासाठी ती तिथं पेस्टी विकत बसली होती, म्हणजे बटाटा आणि मांस भरलेल्या हातभर करंज्या. लान्सने सहा घेतल्या.

"बाकीची मंडळी विमानातच बसलीयेत का?" तिने विचारलं.

"कुठली बाकीची?" लान्स म्हणाला. तो एकटाच आला होता.

पुढच्या शनिवारी तो पेस्टीचा रिकामा डबा परत द्यायला आखात ओलांडून आला. डबा पुठ्ठ्याचा होता. नेरिडाने तो दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले, आणि आता आलाच आहेस तर जेवून जा म्हणाली. तेव्हापासून हवा धड असली की शनिवारचं दुपारचं जेवण तिथंच. मोटारीने जायचं तर आखाताला वळसा घालून सगळा दिवस जायचा. लान्सच्या जुन्या सेस्ना विमानाला पाऊण तास पुरायचा. नेरिडाचं घर धावपट्टीच्या कुंपणाला लागूनच होतं, मध्ये एक रान तेवढं. तो क्वांडाँग या तिकडच्या रानफळाचा मुरंबा न्यायचा, ती काहीतरी भाजून ठेवायची. दोघांचेही जोडीदार देवाघरी गेलेले. त्यांच्याविषयी दोघं बोलत, पण थोडं आणि चांगलंच बोलत.

अडचण एकच होती. लान्सचा परवाना दिवसापुरता होता. सूर्य बुडाल्यावरही काही वेळ दिसत राहतं. ते दिसणं जेव्हा संपतं, त्या घटकेला सरकारी भाषेत शेवटचा उजेड म्हणतात. तारीख आणि गाव सांगितलं की सरकार तुम्हाला त्याची वेळ देतं. दिवसाच्या परवान्यावाल्याने त्याच्या दहा मिनिटं आधी जमिनीवर असायचं, आणि आपलं विमान जागेवर नीट उभं केलेलं असायचं. लान्स ल्युथरन, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती घरात वाढलेला. त्याला दहा मिनिटं सांगितली तर तो अर्धा तास आधी पोचे. हिवाळ्यात तर पुडिंगचा चमचा तोंडात असतानाच त्याला उठावं लागे.

म्हणून तो घड्याळ बघायचा. सूप संपलं की बघायचा, ती ओव्हनकडे वळली की बघायचा, मुळात बघण्यासारखं काही नसतानाही बघायचा. आता नेरिडा ज्या घरात वाढली, तिथं पाहुणा घड्याळ बघायला लागला की त्याला आग्रह करून अडवणं असभ्य मानत. ती गुपचूप उठे आणि लान्सची हॅट आणून त्याच्या खुर्चीशेजारी ठेवी. हॅट दिसली की लान्सच्या मनात येई, बाईला आता विश्रांती हवी असणार. तो उठे. अशी ती दोन सभ्य माणसं दर शनिवारी एकमेकांना घराबाहेर काढत होती.

दोन वर्षांत लान्सने तिला संध्याकाळी कधी पाहिलं नव्हतं. दिव्याखाली ती कशी दिसते, रात्री जेवताना चष्मा काढून ठेवते की केसांत अडकवते, जेवण झाल्यावर ऑर्गनवर प्रार्थनाच वाजवते की दुसरं काही, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या मालकीच्या तिच्या सगळ्या दुपारी होत्या, संध्याकाळ एकही नव्हती.

एक गोष्ट मात्र होती. विमान उचललं, पश्चिमेकडे वळवलं, समोर आखातावर सूर्य थेट डोळ्यांत येऊ लागला की तो मान मागे वळवून खाली बघायचा. तिच्या व्हरांड्यात पिवळा दिवा लागलेला असायचा. अजून चांगलं लख्ख दिसत असायचं, आणि ही दिवा लावून बसलेली. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा लान्सच्या मनात विजेच्या बिलाचा विचार आला. दुसऱ्यांदाही तोच आला. तिसऱ्यांदा तो दिवा दिसेनासा होईपर्यंत तो मान वळवूनच राहिला, आणि विमान भलत्याच दिशेला गेलं. त्याने तिला दिव्याबद्दल विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

तिथं मुक्कामाला राहावं, हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. पण राहायला कुणी सांगावं लागतं. आपणहून राहणारा पाहुणा त्याने आयुष्यात एकच पाहिला होता, त्याच्या बायकोचा चुलतभाऊ. तो अकरा महिने राहिला होता.

तेव्हा लान्सने विचार केला तो असा: आपल्याला संध्याकाळ हवी आहे. संध्याकाळनंतर रात्र येते. तेव्हा रात्री घरी येता आलं पाहिजे. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती.

शिकवायला ब्रॉन कुहेल येत असे. वयाने चाळिशीच्या आतली, आवाजाने पोलीस ठाण्यातली. पहिल्या रात्री तिने धावपट्टीवरून विमान उचलायला लावलं. दिवे मागे पडले आणि समोरची काच कुणीतरी आतून काळी रंगवावी तशी झाली. लान्सला पक्कं वाटलं की विमान डावीकडे कलतंय. त्याने ते उजवीकडे घेतलं.

"काय करताय?" ब्रॉन म्हणाली.

"सरळ करतोय."

"सरळच होतं. आता वाकडं केलंत. काटा बघा."

काटा तिच्या बाजूने होता.

"तुमचं पोट काय म्हणतंय?" ब्रॉनने विचारलं.

"पोट म्हणतंय डावीकडे कलतोय."

"अंधारात पोट खोटं बोलतं. कानही खोटं बोलतो. तुमच्या अंगातलं काहीही खरं बोलत नाही. समोरच्या सहा घड्याळांवर विश्वास ठेवायचा, बस्स."

लान्सला हे जड गेलं. शेत घेणं, लग्न करणं, ट्रॅक्टर विकणं, आयुष्यातले सगळे निर्णय त्याने पोटाला विचारूनच घेतले होते, आणि ट्रॅक्टर सोडला तर पोट कधी चुकलं नव्हतं. पण तो शिकला. सगळा हिवाळा शिकला. ब्रॉन त्याला काळ्या आखाताच्या काठाकाठाने नेई आणि बारीकसारीक चुका काढी. एक चूक जाता जाईना.

"तुम्ही सारखे बाहेर दिवा शोधता," एकदा ती म्हणाली. "काट्यांवरची नजर काढून कुठलातरी एक दिवा धरता आणि त्याच्याकडे बघत बसता."

"दिवा दिसला की बरं वाटतं."

"वाटतं. पण काळोखात एकच दिवा असला आणि त्याच्याकडे टक लावून बघितलं ना, तर तो हलायला लागतो. तो हलत नसतो, आपले डोळे हलवतात. माणसं त्याच्या मागे जातात, लान्स. थेट जमिनीत जातात."

लान्सने मान डोलावली. त्या रात्री त्याने एकाही दिव्याकडे बघितलं नाही, आणि उतरला तेव्हा त्याला आपण कुणाशी तरी भांडून आलो आहोत असं वाटलं.

परवाना हातात ठेवताना ब्रॉनने त्याला खुर्चीत बसवलं. "कागदावर याला डोळ्यांनी बघून उडणं म्हणतात. पण आखातावर चंद्र नसला तर पँटच्या खिशात जितकं दिसतं तितकंच दिसतं. तेव्हा ते यंत्रांवरचंच उडणं झालं, आणि त्याचा परवाना तुमच्याकडे नाही. कायदा तुम्हाला जाऊ देईल. मी तुमच्या जागी असते तर चंद्राशिवाय गेले नसते."

लान्सने पौर्णिमेजवळचा शनिवार धरला.

निघताना अल्विनने त्याला शेडच्या दारात गाठलं. रात्री उडायचं तर जवळ टॉर्च असलाच पाहिजे असा कायदा आहे. लान्सने नवा घेतला होता, तांबडा उजेड पाडणारा, सकाळीच नवे सेल घालून. अल्विनने आपला फवारणीच्या काळातला टॉर्च पुढे केला, मुसळासारखा.

"माझ्याकडे आहे," लान्स म्हणाला.

"एक टॉर्च म्हणजे शून्य टॉर्च. सीटखाली ठेव. आजवर एकदाही दगा दिला नाही याने." अल्विन जरा घुटमळला. "मी इथंच बसतोय. पोचलास की बघेन. नाही पोचलास तर शोधणाऱ्यांना फोन करीन. निघणार नसशील तर आधी कळव, उगाच लोकांना पाण्यात उतरायला लावू नकोस."

"बायबल वाचून दाखव आता."

"ते दफनाला," अल्विन म्हणाला.

नेरिडाने त्या दिवशी मासा केला होता. लान्सने बातमी पुडिंगपर्यंत दाबून धरली. मग चमचा खाली ठेवला, घड्याळाकडे मुद्दाम बघितलं नाही, आणि म्हणाला, "आज मी रात्रीचं जेवून जाणार."

नेरिडाचा हात हॅटच्या दिशेने निघाला होता, तो थांबला. "जेवून," ती म्हणाली.

"परवाना मिळाला मला. रात्रीचा. सगळा हिवाळा शिकत होतो, तुला सांगितलं नाही."

"म्हणजे आता तुला अंधारही थांबवणार नाही."

लान्सला हे अभिनंदन वाटलं. "नाही," तो म्हणाला.

"आणि ढग?"

"ढगांना वेगळा परवाना लागतो. हेमिश म्हणतो तोही घेऊन टाक."

"घे की. वादळाचा असतो का?"

"नाही. वादळात कुणीच जात नाही."

"चला," नेरिडा ताटं गोळा करत म्हणाली. "काहीतरी शिल्लक आहे म्हणायचं."

नळाचं पाणी नेहमीपेक्षा जोरात वाहिलं. लान्सला वाटलं बोलण्यात काहीतरी कललंय, पण कुठल्या बाजूला ते कळेना, आणि इथं बघायला काटा नव्हता. बऱ्याच वेळाने ती हात पुसत बाहेर आली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं, रात्री जायला काय काय लागतं, दाखव तरी."

लान्सला आणखी काय हवं होतं. त्याने बॅग टेबलावर पालथी केली. नकाशा, पेन्सिली, हवेचा अंदाज, टॉर्च. प्रत्येक वस्तूवर तो बोलला. नेरिडाने हनुवटीखाली हात घेऊन सगळं ऐकलं.

"आणि हा नसला तर?" तिने टॉर्चकडे बोट दाखवलं.

"तर जाता येत नाही. कायदा आहे."

"एवढ्याशा वस्तूवर अडतं?"

"एवढ्याशा वस्तूवर," लान्स अभिमानाने म्हणाला.

मग तिने त्याला कोंबड्यांच्या खुराड्याची कडी दुरुस्त करायला पाठवलं. कडीला काही झालेलं दिसत नव्हतं, तरी त्याने ती दुरुस्त केली.

आणि संध्याकाळ झाली. इतकी साधी गोष्ट, रोज सगळ्यांची होते. सूर्य आखातात उतरला तेव्हा लान्स पहिल्यांदाच त्याच्या समोर विमानात नव्हता, व्हरांड्यात खुर्चीवर होता, आणि डोळे न मिचकावता त्याच्याकडे बघू शकत होता. शेवटचा उजेड गेला. कुणी त्याला काही बोललं नाही. नेरिडाने आत जाऊन दिवा लावला. ती चष्मा केसांत अडकवते. दिव्याखाली तिच्या गालावर डावीकडे एक बारीक रेघ दिसते, ती दुपारी दिसत नाही. जेवण झाल्यावर तिने ऑर्गनवर प्रार्थना वाजवली नाही. नाचाची एक जुनी धून वाजवली, तीही दोन ठिकाणी चुकली, आणि चुकल्यावर ओठ आवळून तेवढाच भाग पुन्हा वाजवला. लान्सने घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं. खिशात ते दगडासारखं लागत होतं.

दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते समोर बसलं होतं, आणि आता ते सोडून आणखी लांब, आणखी काळ्या वाटेने जायचं होतं. पूर्वी तो दुपार सोडून जायचा. संध्याकाळ सोडून जाणं याहून अवघड असेल, हे त्याने हिशेबात धरलंच नव्हतं.

तो व्हरांड्यात गेला आणि वर बघितलं. पूर्वेला चंद्र वर आला होता, पण पश्चिमेकडून ढगाची एक सपाट चादर सरकत आली होती. बघता बघता चंद्र तेलाच्या डागासारखा झाला, मग तेवढाही उरला नाही. त्याने हवेचा अंदाज पुन्हा काढला. ढग उंचावर होते, पाऊस नव्हता, खाली स्वच्छ होतं. कायदा जाऊ देत होता.

"काय म्हणतंय आभाळ?" नेरिडा मागे येऊन उभी राहिली.

"जाता येईल."

"जाता येईल की जावं?"

"येईल," लान्स म्हणाला. रात्रीच परत येणार म्हणून क्लबात सांगितलं होतं, शेडमध्ये अल्विन बसला होता, आणि राहा असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.

नेरिडाने कोट घातला आणि पर्स घेतली. रानातली ती वाट दोघांना पाठ होती, दिव्याची गरज पडली नाही. गवतावर दव पडायला लागलं होतं. लान्स विमानात चढला आणि रेडिओचं बटण तीनदा दाबलं. धावपट्टीचे दिवे असे हवेतून लावता येतात, आणि अर्ध्या तासाने आपले आपण विझतात. काळोखातून दोन शुभ्र ओळी उमटल्या, पार आखाताच्या दिशेने गेल्या, आणि जिथं संपल्या तिथून पुढे काहीच नव्हतं. पाणी नव्हतं, आभाळ नव्हतं, दोघांमधली रेघ नव्हती.

तो टॉर्च घेऊन खाली उतरला. उड्डाणाआधी तेल बघायचं, पेट्रोल बघायचं, चाकं बघायची. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्याच्या लक्षात आलं की टॉर्च हाताला पिसासारखा लागतोय. त्याने मागचं झाकण फिरवून आत बोट घातलं.

"सेल नाहीत," तो म्हणाला.

"अगं बाई," पंखाच्या टोकाशी उभी असलेली नेरिडा म्हणाली. "असं कसं?"

"सकाळी घातले होते. नवे."

"हल्लीचे सेल काही खरे नाहीत."

"सेल संपतात, नेरिडा. उठून जात नाहीत."

पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. रानात कुणाला निरोप द्यायला बाई पर्स कशाला आणते, हा प्रश्न लान्सला आत्ता पडला, आणि उत्तरही लगेच मिळालं.

"दोन वर्षं मी वाट बघत्येय," नेरिडा धावपट्टीकडे बघत म्हणाली, "की एखाद्या शनिवारी तरी तुला उशीर होईल. सूर्य लवकर बुडेल, वारा सुटेल, काहीतरी होईल. तुला कधी उशीर म्हणून होत नाही. आणि आता तर अंधारही तुझ्या बाजूला गेला. मग म्हटलं, आपणच करावा."

लान्स वळला, विमानाच्या दारातून आत वाकला आणि सीटखाली हात घातला. अल्विनचा टॉर्च तिथं होता. गार, जड. अंगठा बटणावर गेला. दाबलं तर लागणार, यात शंका नव्हती.

त्याने पश्चिमेकडे बघितलं. पाऊण तासाचा प्रश्न होता. सहा घड्याळांकडे बघत, पोटाचं न ऐकता, खिशातल्या अंधारातून. माणसं जातात, आणि बहुतेक पोचतात. तोही बहुतेक पोचला असता. पोचल्यावर शेडमध्ये अल्विन भेटला असता, अंदाज पुन्हा चुकल्याने जरासा हिरमुसलेला. मग घर, जिथं दिवा लावायचा तर आधी स्वतः आत जावं लागतं. पोट काहीतरी म्हणत होतं. ब्रॉनने सांगितलं होतं की अंधारात पोट खोटं बोलतं. पण ब्रॉन विमानाबद्दल बोलत होती, आणि त्याचे पाय आत्ता जमिनीवर होते.

त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि दार लावलं.

"कायद्याने जाता येत नाही," तो म्हणाला.

"कायदा म्हणजे कायदा," नेरिडा म्हणाली.

लान्सने तिथूनच क्लबात फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"निघालास?" अल्विन.

"नाही. टॉर्च बंद पडला."

"माझा दिलाय ना."

लान्सने नेरिडाकडे बघितलं. "तोही," तो म्हणाला.

पलीकडे बराच वेळ नुसता फ्रीजचा आवाज येत राहिला.

"तोही," अल्विन शेवटी म्हणाला. "तो टॉर्च खत मिसळायच्या टाकीत पडला होता एकदा. तेव्हा बंद नाही पडला."

"वय झालं त्याचं."

"आभाळ कसंय तिकडं?"

"चंद्र झाकलाय."

"मग बरं केलंन त्याने," अल्विन म्हणाला. आणखी थोडा फ्रीज ऐकू आला. "सकाळी घाई करू नकोस. धुकं असतं. धुक्यात माणसं कशी मरतात ते तू आलास की सांगतो."

फोन ठेवल्यावर दोघं विमानाला टेकून उभी राहिली. दिवे अजून जळत होते, कौन्सिलच्या पैशांनी, कुणीही न जाणाऱ्या वाटेवर. लान्सला वाटलं आता काहीतरी बोलायला हवं. नेरिडालाही तसंच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण तयार आहे."

"कधी घातलंस?"

"ईस्टरला."

"तेव्हापासून तसंच?"

"तसंच कसं? दर शनिवारी सकाळी चादर बदलते," ती म्हणाली. "रविवारी घडी करून ठेवते."

लान्सने ईस्टरपासूनचे शनिवार मनात मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. त्याने तिची पर्स आपल्या हातात घेतली. चार सेलच्या मानाने ती बरीच जड होती. जाता जाता त्याला कळलं की तिने पेन्सिलीही काढून घेतल्या होत्या.

दिव्यांच्या दोन्ही ओळी एकदम विझल्या. डोळ्यांपुढे इतका काळोख झाला की आपण उभे आहोत की कललोय हे त्याला क्षणभर कळेना, म्हणून त्याने तिचा हात धरला. मग रानाच्या पलीकडे तो दिसला, व्हरांड्यातला पिवळा दिवा. इतके दिवस वरून बघितलेला, मान वळवून, लहान लहान होत जाणारा. निघताना तिने तो लावून ठेवला होता, आणि आज तो वरून बघणाऱ्या कुणासाठी नव्हता.

लान्स त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. तो हलायला लागेल म्हणून वाट पाहिली. दिवा हलला नाही. नेरिडा चालू लागली, तिच्याबरोबर तोही, आणि दिवा आपल्या जागेवरच राहून थोडा थोडा मोठा होत गेला.